परत हाड रे म्हाराजा

नवऱ्याचं नाव मी आयुष्यात एकदाच तोंडाने घेतलं, लग्नात, उखाण्यात. त्यानंतर 'अहो', 'हे' आणि 'निल्याचे बाबा' एवढ्यावर सगळा संसार झाला. आज सरळ नाव घेऊन सांगते, कारण डोकं फिरलंय माझं. राजाराम. राजाराम धुरी. कांजूरमार्गला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा हा माणूस कोण, तर म्हणतील, ते होय, गाऱ्हाणं घालणारे काका!

गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे हां. आमच्या कोकणात कुठलंही काम काढलं की आधी देवासमोर नारळ ठेवायचा आणि एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं. बाबा रे, आम्ही असं असं करायला निघालोय, सांभाळून घे. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जो व्हय म्हणाला तो त्यात सामील. गावाला हा मान गावकराचा. इथे मुंबईत तो आमच्या ह्यांच्याकडे आला, कारण आवाज खणखणीत आणि एकही शब्द चुकत नाही.

बिल्डिंगच्या जागी चाळ होती तेव्हापासून हे चालू आहे. कोणी दुबईला निघालं, कोणी बोटीवर, कोणाची पोरगी शिकायला जर्मनीला, खाली टॅक्सीवाला हॉर्न मारून मारून वैतागला तरी काकांचं गाऱ्हाणं झाल्याशिवाय बॅग जिना उतरायची नाही. शेवटचं वाक्य ठरलेलं. 'सुखरूप पोचय आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!' हाड म्हणजे आण. त्या 'परत हाड'वर ह्यांचा आवाज असा चढायचा की जाणाऱ्याच्या आईचा पदर डोळ्याला गेलाच पाहिजे. मी आत भाकऱ्या थापत असले तरी तिथूनच 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. अख्खं गाऱ्हाणं मला तोंडपाठ आहे.

स्वतः मात्र हे कुठे गेले नाहीत. सासरे लालबागच्या गिरणीत होते, गिरणी बसल्यावर कांजूरला आले. हे भांडुपच्या एका रंगाच्या कंपनीत डबे भरायच्या खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घरी यायचे तेव्हा नखांत कधी निळा, कधी लाल. पान नाही, तंबाखू नाही, कोणाशी भांडण नाही. बायका मला म्हणायच्या, शकु, नशीबवान आहेस हो तू. मीही मान डोलवायचे, काय करणार.

आणि एक गोष्ट. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हणजे अक्षरशः येत नाही, ठसका लागतो! माझ्या भावाच्या लग्नाची बोलणी चालली होती. भावाने मुलीकडे सांगून ठेवलं होतं की दुकान माझं आहे. होता तिथे नोकर. मुलीच्या बापाने ह्यांना विचारलं, "काय पाव्हणे, दुकान मुलाचं स्वतःचं ना?" हे 'होय' म्हणायला गेले आणि असा ठसका लागला, असा लागला, की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सोयरीक तिथेच मोडली. भाऊ कितीतरी दिवस माझं तोंड बघत नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात ही गंमतच झाली. ह्यांना बोलताना ठसका लागला की मी पाण्याचा तांब्या घेऊन धावायची आणि म्हणायची, "प्या, आणि आता खरं काय ते बोला." ठसका नाही म्हणजे सगळं खरं. एवढ्याच भरवशावर मी ह्या माणसाबरोबर जन्म काढला हो!

आमचा निलेश कॅनडात एडमंटनला असतो. दिवाळीनंतर त्याचा फोन आला की जान्हवीला दिवस गेलेत, एप्रिलमध्ये बाळ येईल, तुम्ही दोघं या. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? सूनबाईची आई नाही बिचारीला. पण मी तिथल्या तिथे सांगितलं, "येईन. बाळंतपण करीन, बाळाला न्हाऊमाखू घालीन. पण चतुर्थीच्या आधी मला माझ्या घरी परत यायचं. गणपतीला घर बंद राहिलेलं मला चालणार नाही." निलेश म्हणाला, "हो गं आई, बघू ना." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चष्मा पुसत होते.

घर घर म्हणजे काय तर दोन खोल्या आणि एक बाल्कनी. वारा फिरला की डम्पिंगचा वास येतो, पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत. चाळीत पाण्याच्या लाइनीसाठी भांडले ती मी, बिल्डिंग होईपर्यंत भाड्याच्या खोलीत दिवस काढले ते मी, ओट्याची उंची माझ्या कमरेला बरोबर हवी म्हणून मिस्त्रीला परत तोडायला लावला तोही मीच. नावावर तेवढं ह्यांच्या, सासऱ्यांकडून आलेलं. माझं नाव घालायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही.

मग तयारी सुरू झाली. आमची तयारी म्हणजे बिल्डिंगची तयारी! कोकम, कुळथाचं पीठ, आळीव, डिंकाचे लाडू, मालवणी मसाला पिशवीत पिशवी त्यात पिशवी असा बांधलेला. सुके बांगडे नेऊ नका असं निलेशने बजावलं होतं, तरी मी थोडे लपवले होते, ते ह्यांनी काढून ठेवले. "सायबान इचारल्यान तर खोटा कोण बोलतला?" म्हणे. बघा, तेव्हासुद्धा किती सज्जन! ह्यांना कोट घेतला, तो घालून भर उन्हात गॅलरीत फेऱ्या मारायचे, सवय व्हावी म्हणून. बॅगेचं वजन करायला हे बॅग पोटाशी धरून वजनकाट्यावर उभे राहायचे आणि मी खाली वाकून आकडा वाचायची. हसून हसून पोट दुखायचं आमचं.

निलेश रविवारी व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी घ्यायचा. तिकडचा ऑफिसर विचारेल, हाऊ लाँग? तुम्ही म्हणायचं, फाइव्ह मंथ्स. मी पहिल्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं. ह्यांची पाळी आली की 'फाइव्ह' येईपर्यंत ठीक, 'मंथ्स'ला ठसका. पुन्हा म्हटलं, पुन्हा ठसका. मी तांब्या दिला आणि हसत सुटले, "इंग्लिश घशात अडकतंय वाटतं तुमच्या!" निलेश हसला नाही. "राहू दे बाबा, आईच बोलेल," म्हणाला.

मूर्ख मी. एक नंबरची मूर्ख.

आता एकेक आठवतं आणि अंगाची आग आग होते. मी विचारायची, "परतीचं तिकीट कुठाय?" हे म्हणायचे, "निल्याक इचार." खरंच होतं ना ते! मी म्हणायची, "गणपतीचं मखर माळ्यावरून काढून झटकून ठेवू का, आल्यावर घाई नको." हे म्हणायचे, "तुका वाटता तर ठेव." देवांचं काय, तर मी म्हटलं, बिल्डिंगमधल्याच धोंडूभावजींकडे पूजेला देऊ, पाच महिन्यांचा तर प्रश्न. हे म्हणाले, "देव आपल्यावांगडा येतीत." सोबत नेऊ म्हणे. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे नव्या टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवले. मला भरून आलं होतं, किती हा भक्तिभाव!

आणि ती अक्षता. चंदूची बायको. चंदू म्हणजे चंद्रप्रकाश, वरच्या मजल्यावरचा. एका घरात दोन भावांचे संसार, त्यामुळे ही पोरगी उठसूट माझ्याकडे. चहा माझ्याकडे, मन मोकळं करायचं माझ्याकडे. मी तिला पोटच्या पोरीसारखं वागवलं. म्हटलं, "अक्षता, माझ्या तुळशीला पाणी घालशील ना गं?" तर म्हणाली, "काकी, बिनधास्त जा, मी आहे ना! घर एकदम झकास ठेवते." एक दिवस टेप घेऊन आली आणि खिडक्यांची मापं घेतली. म्हटलं, हे काय? "काकी, तुम्ही याल तोवर नवीन पडदे शिवून ठेवते, सरप्राइज." मग भांड्यांच्या मांडणीवर हात ठेवून विचारते, "ही भिंतीला कायमची ठोकलीय, की निघते?" मी म्हटलं, निघते की, चार स्क्रू तर आहेत. मीच सांगितलं तिला!

निघायच्या दिवशी रविवार होता. विमान रात्रीचं, पण गाऱ्हाणं सकाळीच घालायचं ठरलं. देव बॅगेत, म्हणून रिकाम्या देवघरापुढेच पाट मांडला, नारळ ठेवला, विडा ठेवला. दारात चपलांचा ढीग. धोंडूभावजी आले, त्यांना आताशा कमी ऐकू येतं, पण आवाज दांडगा. चंदू, अक्षता. समोरच्या दारातली संघमित्रा आली, महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती बौद्ध, देवदेव करत नाही, पण बिल्डिंगमधलं कोणीही निघालं की येऊन मागे शांत उभी राहते. ती व्हय म्हणत नाही आणि तिने म्हणावं असं कोणाला वाटतही नाही. अक्षताच्या हातात फोन, फोनवर निलेश.

हे उभे राहिले. नवा शर्ट घातलेला. मला वाटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी घातलं, आज स्वतःसाठी घालतायत, आज आवाज कसा लागतो बघू.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा राजाराम आणि शकुंतला परदेशात झिलाकडे जाऊक निघाली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या वाटेत कोण आडवो इलो तर तेका उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुनेची सुटका नीट कर, येणारा लेकरू धडधाकट ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या दोघांका सुखरूप पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं आणि पुढच्यासाठी छाती भरून श्वास घेतला. पुढचं आलंच नाही. हे खाली वाकले, नारळाला हात लावून नमस्कार केला आणि बाजूला झाले.

मी म्हटलं, "अहो, परत हाड राहिलं."

"झाला गाऱ्हाणा," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"झालं कसं? अख्ख्या बिल्डिंगला परत आणलंत, आपल्यालाच विसरलात?" मी अजून हसतच होते हो. "पुन्हा म्हणा शेवटचं."

फोनमधून निलेश म्हणाला, "आई, जाऊ दे ना, किती वेळ चाललंय. बॅगा चेक करा बघू."

हे पाटाशी उभे. ओठ हलले, पण आवाज नाही. हा माणूस गाऱ्हाण्यातला शब्द विसरणारा नव्हे. विसरला नव्हता. म्हणवत नव्हतं त्याला!

बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, म्हणतात. म्हणोत. मी पदर खोचला, पाटापुढे गेले आणि ह्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "ह्या दोघांका चतुर्थीच्या आधी, ह्याच घरात, सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धोंडूभावजी गरजले. एकटेच.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. चंदू चपलांच्या ढिगाकडे बघत होता. अक्षता फोन नीट धरत होती, जसा काही तो पडतच होता. निलेश पडद्यावर गप्प. आणि आमचे हे रिकाम्या देवघरात बघत होते. एकाच्याही तोंडून व्हय निघालं नाही. देवापुढे खोटं व्हय कोण म्हणणार? माझ्यापुढे चालतं ते!

मागून संघमित्रा हळूच म्हणाली, "हो शकुताई, परत या." देवाला नाही, मलाच म्हणाली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सरळ विचारते. घराचं काय केलंत?"

आणि सरळ विचारल्यावर सरळ सांगितलं हो ह्या माणसाने, ठसका नाही, काही नाही. "घर चंदूक दिलंय. इसार घेतलंय. बाकीचा निल्याचो वकील मागसून बघतलो."

"मग आपण कुठे यायचं परत?"

"परत कित्याक?" हे म्हणाले. "निल्या तिकडे मोठा घर घेता. आता हंय कोण आसा आपला?"

हंय कोण आसा! मी आहे ना इथे, मी! अक्षता पुढे आली, "काकी, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मी म्हटलं. "माहीत असेल? माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन खिडक्या मोजल्यास तू! सरप्राइज काय? केसाने गळा कापलास मेले!" ती रडायला लागली. चंदू म्हणाला, "काकी, बाहेरच्या कोणाला गेलं असतं त्यापेक्षा आपल्यातच राहिलं ना." मी त्याला दार दाखवलं. निलेश फोनवर "आई ऐक, आई ऐकून तर घे" करत होता. अक्षता जाताना फोन तसाच पाटावर ठेवून गेली आणि माझा मुलगा छताशी बोलत राहिला. मी तो उपडा केला.

सगळे गेल्यावर हे खुर्चीत बसले. म्हणाले, "मागच्या पावसात मी न्हाणीत पडलंय, तेव्हा तुका माका उचलूक जमाक नाय. आठवता? दार ठोठावून माणसा बोलवलंस. उद्या तू पडलंस तर माका तरी जमतला काय?"

खरं होतं ते. भीती वाटली असेल माणसाला, मला कळत नाही का? मी म्हटलं, "हे मला सांगायचं होतं. आपण बोललो असतो."

"तू आयकलं नसतंस."

"म्हणून विचारायचंच नाही? भांडले असते, रडले असते, चार दिवस जेवले नसते. कदाचित शेवटी हो म्हटलंही असतं. ती संधी तरी द्यायची होतीत मला. तुम्ही मला सामानात धरलंत हो! पिशवीत पिशवी घालून बांधलंत आणि चढवलंत काट्यावर!"

ह्यावर हे चष्मा पुसायला लागले. खोटं बोलायचं नाही म्हणून गप्प बसायचं, ही ह्यांची सचोटी. इतके दिवस मला वाटायचं ठसका नाही म्हणजे खोटं नाही. एकही खोटा शब्द न बोलता माणूस किती फसवू शकतो, ते मला ह्या वयात कळलं.

दुपारी मी बॅग उघडली. माझ्या साड्या काढल्या, माझे लोकरीचे मोजे काढले. टॉवेलातून देव काढले आणि एकेक करून देवघरात जागच्या जागी ठेवले. लाडू, आळीव, मसाला सगळं ह्यांच्या बॅगेत भरलं, कारण जान्हवीने माझं काय वाकडं केलंय? वर जाऊन चंदूला सगळ्यांसमोर सांगून आले, "मी घरातून हलणार नाही. कागद झाले तरी मला उचलून बाहेर ठेव आणि मग लाव तुझं कुलूप. बघू होते का हिंमत."

हे म्हणाले, "तू नाय येणस तर..." आणि तिथेच थांबले.

मी वाट बघितली. खरं सांगते, मनापासून वाट बघितली. 'तर मीपण जाणंय नाय' एवढंच म्हणायचं होतं. मग त्या बाळाचं तोंड मला बघायला मिळालं नसतं तरी चाललं असतं. पण वाक्य पुरं झालं नाही. शेवटी मीच म्हटलं, "जा तुम्ही. एकाने तरी नातवंड बघा." आणि ह्यांनी मान हलवली. किती पटकन हलवली!

संध्याकाळी टॅक्सी आली. बॅग धोंडूभावजींच्या मुलाने खाली नेली. मी रीत मोडली नाही, ह्यांच्या हातावर दही-साखर घातली, हात धुवायला तांब्यातून पाणी घातलं. कोट घालून दारात उभा राहिलेला हा माणूस मला एकदम म्हातारा दिसला. रागातसुद्धा मनात आलं, वरचं बटण लावलेलं नाही, थंडी लागेल. पण हात पुढे केला नाही.

आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. कितीही लांब निघालं तरी 'येतो' म्हणूनच निघायचं. हे जिन्याच्या तोंडाशी वळले. माझ्याकडे बघून म्हणाले, "येतंय गो, शकु."

आणि ठसका लागला.

कठडा धरून खोकत राहिले, तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. नजर माझ्या हातातल्या तांब्यावर. अर्धा भरलेला होता तो. मी आत आले आणि दार लावून घेतलं.